आधी ठोके, मग जागा

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरचा चेहरा कुणाच्या लक्षात राहत नाही. खोलीत अंधार असतो. पेशंटची नजर छताकडे असते आणि आमची पडद्याकडे. लक्षात राहतो तो आवाज. एकदा नेरूळच्या भाजी मार्केटमध्ये मी कोथिंबीरवाल्याला "जरा थांबा" म्हणालो, तर मागे उभी असलेली एक बाई म्हणाली, "तुम्ही सोनोग्राफीवाले ना? श्वास घ्या, जरा थांबा, सोडा." मग भाजीची पिशवी हातातच धरून तिने मला तिच्या मूतखड्याचं पुढे काय झालं ते सविस्तर सांगितलं.

माझं सेंटर नेरूळला आहे. खाली केमिस्ट, वर मुलींचा डान्स क्लास. संध्याकाळी मी कुणाचं यकृत बघत असलो की वर पन्नासेक पाय एकदम आपटतात. लोक तऱ्हेतऱ्हेचे येतात. एक काका प्रोस्टेटसाठी येतात आणि दर वेळी म्हणतात, "एवढं जेल लावलंच आहे, तर वरचं पण बघून टाका." कुणी कानाशी येऊन विचारतं, "पेढे की बर्फी, एवढंच सांगा." मी भिंतीवरच्या कायद्याच्या पाटीकडे बोट दाखवतो. त्यावर एका आजोबांनी मला सुनावलं होतं, "पाटी वाचता येते आम्हाला. तुम्हाला माणुसकी वाचता येते का?" मी त्यांना बाहेर बसायला सांगितलं.

पण संपादकांनी कामाबद्दल लिहा म्हटल्यावर मला यातलं काहीच आठवलं नाही. एकच बाई आठवली. तिला इथे मनीषा म्हणतो. हे नाव तिचं नाही. लिहू का, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "लिहा. पण रडकं नका लिहू."

तिच्याकडे येण्याआधी काम थोडं समजावून सांगतो.

गर्भ राहिला की तो गर्भपिशवीच्या वरच्या भागात, आतल्या अस्तरात रुजायला हवा. क्वचित तो वाट चुकतो. बीजवाहक नळीत रुजलेल्या गर्भाबद्दल बहुतेकांनी ऐकलेलं असतं. त्याहून दुर्मिळ जागा आहेत: बीजकोश, पिशवीचा कोपरा, पोटाची पोकळी, आणि आम्हाला हल्ली अधिक दिसू लागलेली जागा म्हणजे जुन्या सिझरचा व्रण. बाहेरचा टाका कितीही सुरेख भरला असला, तरी आत पिशवीच्या भिंतीत तिथे एखादी खाच राहू शकते. पुढचा गर्भ नेमका त्या खाचेत जाऊन बसतो.

खरा धोका तेव्हा गर्भापेक्षा वारेचा असतो. वार म्हणजे आईच्या रक्तातून बाळाला पोसणारा मांसल गोळा. बाळंतपणानंतर ती सुटून बाहेर येते, कारण पिशवीचं अस्तर तिला सुटू देतं. व्रणावर ते अस्तर नसतं. तिथे वार मुळासारखी आत शिरते, भिंत ओलांडते, शेजारच्या मूत्राशयापर्यंत पोचू शकते. मग तिला सोडवायला गेलं की रक्त थांबत नाही.

अशी चुकलेली जागा ओळखण्यात माझं थोडं नाव होतं. नावड्याहून पाचव्या महिन्यात एक बाई पोटदुखीसाठी आली होती. आधीच्या सोनोग्राफीत बाळ ठीक म्हणून सांगितलेलं. मी त्यात कुणाला दोष देणार नाही. बाळ हलताना दिसलं की डोळे तिथेच जातात. मला मात्र बाळाभोवती पिशवीची भिंत सापडेना. शोधत गेलो तर पिशवी खाली रिकामी पडलेली आणि बाळ बाहेर, पोटाच्या पोकळीत. वार आतड्यांवर पसरलेली. सर्जननी बाळ काढलं. ते जगण्याएवढं झालेलं नव्हतं. वार त्यांनी तशीच आत राहू दिली, कारण तिला हात लावला असता तर बाई टेबलावरच गेली असती. आत राहिलेली वार हळूहळू विरते. ती किती उरली ते बघायला बाई अनेक महिने माझ्याकडे येत होती. सुरुवातीला मुकी असायची. नंतर नंतर आडवी होता होता विचारायची, "भाडेकरू गेला का?"

"आहे अजून. पण सामान हलवतोय," मी म्हणायचो.

"माझ्या घरात माझ्याच परवानगीशिवाय," ती म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करायची.

त्या निदानाचं कौतुक झालं. डॉक्टरांच्या बैठकीत मी चित्रं दाखवली. आधी बाळ बघू नका, आधी जागा बघा, असं सगळ्यांना सांगितलं. सांगितलं, आणि स्वतः पाळलं नाही.

त्याला कारण माझी एक सवय. सेंटर नवं होतं तेव्हा इथे राहायला आलेल्या कितीतरी बायका एकट्या असत. माहेर देशावर नाहीतर कोकणात, नवरा कामावर, शेजारचा फ्लॅट बंद. पहिल्या सोनोग्राफीला त्या घाबरलेल्या असत. मी बाळाचे ठोके शोधायचो आणि मशीनचा आवाज मोठा करायचो. खोलीचा रंगच बदलायचा. बायका हसायच्या, रडायच्या, मोबाइलवर टिपून गावी पाठवायच्या. सुरुवातीच्या आठवड्यांत असा आवाज लावू नये, त्याने कोवळ्या गर्भावर ध्वनिलहरींचा मारा वाढतो, असं आमची पुस्तकं सांगतात, पण दोन-चार सेकंदांनी काय होतंय, असं मी म्हणायचो. "त्यांच्याकडे जा, ते ठोके ऐकवतात," अशी माझी ओळख झाली. ती मला आवडायची. हळूहळू आमचा क्रमच ठरून गेला. आधी ठोके, मग बाकीचं.

मनीषा सारसोळे गावात राहते. नवरा सचिन रबाळ्याला एका कारखान्यात. पहिली मुलगी, ती सिझरने झालेली. दुसऱ्या वेळी दिवस गेल्यावर स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. शुभदाने तिला माझ्याकडे पाठवलं. शुभदा माझी जुनी मैत्रीण, स्वभावाने तिखट. मनीषाबरोबर सासू होती. कपाळावर मोठं कुंकू, हातात टोपली, बाजारातून थेट आलेली.

गर्भ दिसला, ठोके दिसले. मी बटण दाबलं. शिलाई मशीन भरधाव चालावं तसा तो आवाज खोलीत भरला.

"थांबा थांबा, मोबाइल काढते," सासू म्हणाली. "सच्याला पाठवते. कामावर ऐकूदे त्याला."

"आई, आडवा धरा फोन," मनीषा झोपल्या झोपल्या म्हणाली. हसताना तिचं पोट हलत होतं, त्यामुळे पडदाही हलत होता. मी नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ आवाज चालू ठेवला.

मग पोटावर फिरवायचा तो प्रोब सरकवला. गर्भ फार खाली होता. पिशवीचा वरचा भाग रिकामा. गर्भाच्या पुढे मूत्राशय, आणि दोघांच्या मधली भिंत कागदाएवढी. जुन्या सिझरच्या व्रणात तो पुरता रुतून बसला होता. सासूबाई तेव्हाही फोन कानाला लावून टिपलेलं पुन्हा ऐकत होत्या.

दिवा लावला. मनीषाला उठून बसवलं.

"बाळ बरं आहे ना?" तिने विचारलं.

"ठोके आहेत. पण बाळ चुकीच्या जागी बसलंय."

"मग सरकवता नाही येत?"

"नाही येत."

दुसऱ्या दिवशी शुभदाने सगळ्यांना बोलावलं. मलाही. तिने सरळ सांगितलं. आता थांबवलं तर लहानशा उपायात होईल, पिशवी राहील, पुढे पुन्हा दिवस जाऊ शकतील. वाढू दिलं तर वार मूत्राशयात शिरेल, शेवटी पिशवी काढावी लागेल आणि जिवावर बेतेल.

सचिन म्हणाला, "मॅडम, मला मनीषा पाहिजे. बाकी नंतर बघू."

मला वाटलं होतं सासू अडवतील. त्या म्हणाल्या, "एक नात हाय घरात. मना सून धडधाकट पायजे."

मनीषा खाली बघत होती. म्हणाली, "मी ऐकलंय त्याला."

शुभदाने माझ्याकडे बघितलं. तिला माझी सवय माहीत होती.

"अशी बाळं जगतात का?" मनीषाने मला विचारलं. शुभदाला नाही, मला.

खोटं बोलता आलं असतं. "काही जगतात," मी म्हणालो.

"आणि आई?"

"मोठ्या हॉस्पिटलमध्ये, पूर्ण तयारीने, बहुतेक वाचतात. पिशवी बहुधा जाते. सगळ्याजणी वाचत नाहीत."

"मग मी हे ठेवते," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर सासूबाईंनी मला गाठलं. "डॉक्टर, तुमी तो आवाज लावला नसता, तं पोरीनं आमचं मानलं असतं." त्या रागाने बोलत नव्हत्या, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

निर्णय तिचा होता, आणि तो घ्यायचा अधिकारही तिचाच. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण निर्णयाआधी तिच्या कानात काय घालायचं आणि कोणत्या क्रमाने, हे मी ठरवलं होतं. तेही न ठरवता, सवयीने. माझ्या सेंटरची जाहिरात तिच्या तराजूत पडली होती.

पुढचे महिने ती ठरल्याप्रमाणे येत राहिली. दर वेळी वार थोडी पुढे सरकलेली असायची. तिच्यात काळी भोकं दिसायला लागली, चाळणीसारखी. ती रक्ताची तळी असतात. मूत्राशयाची रेघ एका जागी तुटली. हे सगळं मी तिला दाखवत आणि सांगत गेलो. आवाज मात्र कधी लावला नाही.

"आज आवाज नाही लावलात?"

"स्पीकर बिघडलाय."

पुढच्या वेळीही बिघडलेला होता. त्याच्या पुढच्या वेळी ती म्हणाली, "बाहेर बसले होते तेव्हा आतून येत होता. माझ्याच नंबरला बरा बिघडतो." मी पडद्याकडे बघत राहिलो. तेव्हाही इतर बायकांना मी ऐकवतच होतो, हे सांगायला हवं. सवय इतकी जुनी होती.

आठव्या महिन्यात मोठ्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन ठरलं. रक्ताच्या पिशव्या लागणार होत्या. सारसोळ्याची सगळी क्रिकेट टीम रक्त द्यायला आली. विकेटकीपर सुई बघून खाली बसला, त्यावरून बाकीच्यांनी त्याला इतकं छळलं की नर्सने सगळ्यांना गप्प केलं. "बॉल सोडतोस तसा हात नको सोडूस," असं कुणीतरी म्हणत होतं. सचिन एकटाच हसत नव्हता.

मला त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये बोलावलं होतं. अशा ऑपरेशनमध्ये वारेला अजिबात न छेडता बाळ काढायचं असतं. म्हणून पिशवीवर नेमकं कुठे कापायचं ते आधी सोनोग्राफीने ठरवतात. मी पोटावर मार्करने वारेची कड आखली आणि पोट उघडल्यावर थेट पिशवीवर प्रोब ठेवून ती पुन्हा तपासली. शुभदाने त्या रेषेच्या वर छेद घेतला. बाळ बाहेर आलं, मुलगा, लहानसा, रडला. नाळ बांधून वार आतच ठेवली आणि तिच्यासकट पिशवी काढायला घेतली. माझी रेघ बरोबर आली होती. त्याचा अभिमान मला आजही आहे, आणि तो लपवायचं कारण नाही.

मूत्राशयापाशी मात्र वार चिकटून बसली होती. ती सोडवताना मूत्राशय फाटलं आणि रक्त सुरू झालं. भूलतज्ज्ञ एकामागून एक रक्ताच्या पिशव्या मागत होते. शुभदा एरवी ऑपरेशन करताना सतत काहीबाही बोलते, ती गप्प झाली. माझं काम संपलं होतं. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुपारी तिला अतिदक्षता विभागात हलवलं. श्वासाची नळी घशातच. रक्त थांबलं होतं, पण पुन्हा सुरू होणार नाही असं कुणी म्हणायला तयार नव्हतं. बाहेरच्या बाकावर सासूबाई बसल्या होत्या. मी शेजारी बसलो.

"तुमी घरी जा," त्या म्हणाल्या. "इथं बसून तुमी काय करनार?"

मी बसून राहिलो. थोड्या वेळाने म्हणालो, "आई, मी त्या दिवशी आवाज लावायला नको होता."

"ता मना ठाव हाय."

मीच पुन्हा काहीतरी सुरू केलं, तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "डॉक्टर, मी तुमाला माफ करायला बसले नाय इथं. सुनंसाठी बसलेय. तुमाला बसायचं तं गप बसा."

मी गप्प बसलो. इतकं योग्य मला आयुष्यात कुणी सुनावलेलं नाही. बाई आत मृत्यूशी झगडत होती आणि मी तिच्या सासूकडे स्वतःचं ओझं उतरवायला गेलो होतो.

मनीषा वाचली. दुसऱ्या दिवशी नळी निघाली. लघवीची नळी मात्र बरेच आठवडे राहिली. नंतरही खोकला आला की त्रास होतो, असं ती सांगते. पिशवी गेली. मुलगा काचेच्या पेटीत राहून घरी आला आणि आता सारसोळ्याच्या गल्लीत बहिणीच्या मागे धावतो. मनीषाचं म्हणणं एकच आहे: "तुम्ही आवाज लावलात म्हणून हा आहे."

तिच्यासाठी ते खरं आहे. मला त्याचा आधार घेता येत नाही. ऑपरेशनचा शेवट दुसरा झाला असता तरी मी तोच आवाज तेवढ्याच बेफिकिरीने लावलेला होता. मूल सुखरूप निघालं म्हणून माझी कृती चांगली ठरत नाही.

त्यानंतर मी क्रम बदलला. आधी जागा, मग भिंत, मग बाळ. ठोके मी बघतो, मोजतो, रिपोर्टमध्ये लिहितो. आवाज लावत नाही. काही बायका नाराज होतात. एकीने तोंडावर सांगितलं, "समोरच्या बिल्डिंगमध्ये ऐकवतात." मी म्हणालो, "ऐकवत असतील." माझा प्रश्न सुटला असं मला वाटत होतं.

मग प्रज्ञा आली. हेही नाव खरं नाही. बँकेत नोकरी, पहिला मुलगा सिझरने, आणि गर्भ पुन्हा त्याच जागी, व्रणात. मी खूप काळजी घेतली. आवाज नाही, पेशंटला दिसावा म्हणून तिच्या बाजूला लावलेला दुसरा पडदाही बंद. दिवा लावून जागा समजावली, कागदावर चित्र काढून दाखवली. ठोक्यांचा उल्लेख तोंडी केला नाही. रिपोर्टमध्ये लिहिलेलं होतंच. तिने दोन प्रश्न विचारले, आईला फोन केला आणि शुभदाकडे जाऊन गर्भ थांबवायला होकार दिला. सगळं सुरळीत झालं. रक्त गेलं नाही, पिशवी राहिली. शुभदा म्हणाली, "असं वेळेत सापडलं तर किती सोपं असतं बघ." मला बरं वाटलं. एका बाईच्या बाबतीत केलेलं दुसरीच्या बाबतीत भरून काढलं, असा काहीतरी हिशोब मी मनात मांडला.

काही महिन्यांनी व्रण भरला का ते बघायला ती आली. भरला होता. मी तसं सांगितलं. ती उठून बसली, ओढणी नीट केली आणि म्हणाली, "डॉक्टर, मी नंतर रिपोर्ट वाचला. त्याचे ठोके चालू होते."

"हो."

"तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"तुम्हाला ठरवणं अवघड गेलं असतं."

तिचा आवाज चढला नाही. "मी तेच ठरवलं असतं. मला घरी मुलगा आहे. पण ते अवघड जायलाच हवं होतं ना मला? तुम्ही सोपं करून दिलंत. आता मी रोज विचार करते, की मला कळलं असतं तर."

मनीषाला मी न विचारता ऐकवलं होतं आणि हिला न विचारता लपवलं होतं. दोन्ही वेळा त्यांच्या वतीने मीच ठरवून टाकलं होतं.

आता मी दोन्ही गोष्टी सांगतो. दिवा लावून, खुर्ची ओढून, समोर बसून. जागा सांगतो आणि ठोके आहेत की नाहीत तेही सांगतो. मग विचारतो, बघायचंय का, ऐकायचंय का. काहीजणी हो म्हणतात, काहीजणी नाही म्हणतात. एकीने मला विचारलं, "तुम्ही काय कराल?" मी म्हणालो, "मला माहीत नाही." डॉक्टरने असं म्हणू नये असं आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं, पण म्हणायलाही शिकवलेलं नव्हतं.

त्या दिवशी प्रज्ञा लगेच गेली नाही. "तेव्हाचं चित्र मशीनमध्ये असेल ना?" तिने विचारलं.

होतं. मी ते काढलं आणि तिच्या बाजूचा पडदा चालू केला. करडं, दाणेदार, अनोळखी माणसाला काहीच न कळणारं चित्र.

"कुठे होते ठोके?"

मी पडद्यावरचा बाण एका ठिपक्यावर नेला. तिने पडद्याजवळ चेहरा नेला. वर डान्स क्लास सुटत होता, जिन्यातून मुली कलकलाट करत उतरत होत्या. बाहेर पुढचे पेशंट थांबले होते, पण मी हात मांडीवर ठेवून बसलो. बऱ्याच वेळाने ती मागे सरकली.

"आता बंद करा," ती म्हणाली. मग मी पडदा बंद केला.